पोस्टरवरचा वाघ तरंगतो का?

ऑक्टोबरचा पहिला आठवडा म्हणजे वन्यजीव सप्ताह. त्या दिवसांत शाळेच्या व्हरांड्यात, एसटी स्टँडवर, वन विभागाच्या कार्यालयाबाहेर जवळपास एकच पोस्टर निरनिराळ्या रूपांत लागलेलं दिसतं. मध्ये वाघ, मागे धबधबा, कोपऱ्यात पृथ्वीचा गोळा अलगद धरलेले दोन हात. वाघाचा फोटो उत्तम असतो, धबधब्याचाही. तरी वाघ त्या चित्रात उभा आहे असं काही केल्या वाटत नाही. तो जमिनीपासून वीतभर वर तरंगत असतो. हे लहान मुलांच्याही लक्षात येतं, पण नेमकं काय चुकलं ते मोठ्यांनाही सांगता येत नाही.

जोड दिसतो म्हणून डोळ्याला खटकतं, असं म्हणावं तर त्याला छेद देणारं उदाहरण आहे. १९७० साली पहिल्या वसुंधरा दिनासाठी अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग यांनी एक पोस्टर केलं. मध्यभागी पांढऱ्या डोक्याचा गरुड आणि त्याच्याभोवती घाण झालेलं पाणी, भंगाराचे ढीग, तोडलेली जंगलं आणि नामशेष होऊ घातलेला गोरिला यांचे कृष्णधवल फोटो. प्रत्येक तुकड्याची कड उघड दिसते, एकाचं माप दुसऱ्याशी जुळत नाही, तरी त्यातलं काहीही तरंगत नाही.

म्हणजे डोळ्याची तक्रार जोडाबद्दल नाही. चित्र ‘मी एकसंध आहे’ असं सांगतं आणि तसं नसतं, तेव्हा डोळा अडतो. डिजिटल कोलाज शिकायचं तर आधी हा फरक समजून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी कॉम्प्युटर दोन फोटो ‘चिकटवतो’ म्हणजे नक्की काय करतो ते पाहावं लागतं. सोबतीला एकच प्राणी घेऊ : सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर ज्याच्यासाठी अभयारण्य झालं, तो माळढोक.

कात्री, डिंक आणि लेअर

कागद कापून चिकटवण्याचा खेळ जुना असला तरी कलादालनात त्याला मानाची जागा मिळाली ती १९१२ च्या सुमारास, पिकासो आणि ब्राक यांच्यामुळे. पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनमध्ये हाना होख आणि तिच्या सोबत्यांनी मासिकांतले फोटो कापून राजकारणावर टोकदार चित्रं केली. त्यांची अडचण एकच होती : एकदा डिंक लागला की तुकडा हलवता येत नसे.

सुरुवातीच्या फोटोशॉपमध्येही तीच गत होती. १९९० साली आलेल्या या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवलेला भाग खालच्या चित्रात कायमचा मिसळून जाई. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत लेअर आले आणि कामाची पद्धतच बदलली. प्रत्येक तुकडा आपापल्या पारदर्शक थरावर राहू लागला. तो सरकवा, लहान करा, झाका, पुन्हा उघडा; खालच्या थराला धक्का लागत नाही. आज गिंप आणि क्रिटा ही फुकट मिळणारी सॉफ्टवेअरही हे सगळं करतात, त्यामुळे शिकणाऱ्याने महागड्या वर्गणीच्या चिंतेत अडकण्याचं कारण नाही.

चौथा आकडा

पडद्यावरचा फोटो म्हणजे बारीक चौकोनांची, म्हणजे पिक्सेलची, जाळी. प्रत्येक पिक्सेलचा रंग तीन आकड्यांत लिहिलेला असतो : लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५ च्या दरम्यान. कोलाजसाठी मात्र हे तीन पुरत नाहीत. ‘हा पिक्सेल किती झाकणारा आहे?’ हे सांगणारा चौथा आकडा लागतो. त्याला अल्फा म्हणतात. अल्फा पूर्ण असेल तर वरच्या थराचा रंग दिसतो, शून्य असेल तर खालचा, आणि मधे कुठे असेल तर दोघांचं त्या प्रमाणात मिश्रण. थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली या मिश्रणाचे नियम सूत्रांत मांडले, आणि आजही मोबाइलपासून सिनेमापर्यंत तेच हिशेब चालतात.

हा चौथा आकडा हाताने बदलायचं साधन म्हणजे मास्क. रांगोळीचा छाप आठवा : भोकं असतील तिथूनच रांगोळी खाली उतरते, बाकीची छापावरच राहते. मास्कमध्ये पांढरा रंग म्हणजे भोक आणि काळा म्हणजे बंद जागा. फरक इतकाच की मास्कला राखाडीही कळतो, आणि राखाडी जागेतून चित्र अर्धवट उतरतं. खोडरबराने पुसलेला भाग गेला तो गेला. मास्कने झाकलेला भाग पांढरा ब्रश फिरवला की परत येतो. नवख्याने पहिली सवय लावून घ्यावी ती खोडरबराला हात न लावण्याची.

पिसांच्या कडेला आलेलं आकाश

आता माळढोकाकडे येऊ. हा जवळपास मीटरभर उंचीचा पक्षी. पूर्ण वाढलेला नर पंधरा किलोपर्यंत भरतो. डोक्यावर काळी टोपी, लांब पांढरट मान, तपकिरी पाठ आणि नराच्या छातीवर आडवा काळा पट्टा. त्याचा भर उन्हात, फिक्या आकाशापुढे काढलेला फोटो घेतला आणि फोनवरच्या ‘बॅकग्राउंड काढा’ या बटणावर बोट ठेवलं. क्षणात पक्षी सुटा झाला. तो एखाद्या गडद डोंगरापुढे ठेवला की मानेभोवती आणि पिसांच्या टोकांना पांढुरकी झालर दिसते. ही झालर येते कुठून?

पिसाचं टोक एका पिक्सेलहूनही बारीक असतं. कॅमेऱ्याने त्या पिक्सेलमध्ये अर्धं पीस आणि अर्धं आकाश एकत्र नोंदवलेलं असतं. सोयीसाठी एकच आकडा धरू : पीस १२०, आकाश २४०. कडेचा पिक्सेल झाला १८०. सॉफ्टवेअरने तो ‘अर्धा पारदर्शक’ असं बरोबर ओळखलं आणि ६० च्या गडद डोंगरावर ठेवला. हिशेब असा : १८० चे निम्मे ९०, ६० चे निम्मे ३०, एकूण १२०. खरं तर निव्वळ पीस आणि डोंगर यांचं मिश्रण ६० अधिक ३०, म्हणजे ९० यायला हवं होतं. वरचे तीस आले ते जुन्या आकाशाचे. पक्षी कापून आणला, पण त्याच्या कडेला आकाशही आलं.

म्हणूनच धार आणखी मऊ करून झालर जात नाही, उलट पसरते. उपाय रंगाचा आहे. पक्ष्याच्या थरावर आणखी एक थर घेऊन तो फक्त पक्ष्यापुरता मर्यादित करायचा आणि कडेच्या पिक्सेलवर आतल्या पिसांचा रंग हलक्या ब्रशने फिरवायचा. पारदर्शकता तशीच राहते, उधार आलेलं आकाश तेवढं जातं. आणखी सोपा मार्ग निवडीतच आहे : नवी पार्श्वभूमी फिकी असेल तर फिक्या आकाशापुढचा फोटो घ्यावा, गडद असेल तर गडद.

आपोआप कापणाऱ्या साधनांना माळढोकाच्या पायांचाही घोळ सुटत नाही. लाखो फोटो पाहून ती ‘इथे प्राणी संपतो’ असा अंदाज बांधायला शिकलेली असतात, पण पाय गवतात बुडालेले असले की पिवळसर पाय आणि पिवळं गवत यांत त्यांची गफलत होते. मग पक्षी गुडघ्यात तुटतो. अशा वेळी पाय ओढूनताणून शोधू नयेत. पायांपुढचं गवत पक्ष्याबरोबरच कापून घ्यावं आणि नव्या माळाच्या गवतात मास्कने मिसळावं. पक्ष्याचा जमिनीशी असलेला धागा त्यामुळे तुटत नाही.

क्षितिज कुठून जातं?

पोस्टरवरचा वाघ तरंगण्याचं सगळ्यात मोठं कारण मात्र कडेत नसतं, जमिनीत असतं. सपाट जमिनीवर फोटो काढला की क्षितिजाची रेषा कॅमेऱ्याच्या उंचीवरून जाते. कॅमेरा जमिनीपासून एक मीटरवर असेल तर मीटरभर उंचीचा माळढोक जवळ असो की लांब, रेषा त्याच्या डोक्याशीच येते. तोच फोटो जीपमध्ये उभं राहून, दोन मीटरवरून काढला तर क्षितिज पक्ष्याच्या डोक्याच्याही वर, त्याच्या उंचीइतकं अंतर सोडून जातं आणि त्याची पाठ वरून दिसते. जीपमधून टिपलेला पक्षी जमिनीलगत टिपलेल्या माळावर ठेवला की दोन्ही फोटो खरे असूनही चित्र खोटं वाटतं. पक्षी लहान-मोठा करून हे सुटत नाही. फोटो निवडतानाच क्षितिज कुठे आहे ते पाहावं लागतं. वन्यजीवांची पुष्कळ पोस्टरं फसतात ती इथे, सॉफ्टवेअर येत नाही म्हणून नव्हे.

त्यानंतर सावली. काळ्या रंगाचा अपारदर्शक ठिपका पायाखाली ओढला तर गवत झाकलं जातं. खऱ्या सावलीत गवताची पाती दिसतात, फक्त मंद होतात. हा परिणाम ‘मल्टिप्लाय’ नावाच्या मिश्रणप्रकाराने साधतो. नावाप्रमाणे तो गुणाकारच करतो : वरचा आकडा गुणिले खालचा, भागिले २५५. वर १२८ चा राखाडी असेल तर खालचं २०० चं उजळ पातं १०० होतं आणि ६० ची गडद फट ३० होते. दोघांतलं नातं टिकतं, म्हणून गवत गवतच राहतं. सावलीसाठी निव्वळ राखाडीऐवजी किंचित निळसर छटा घ्यावी. उघड्या माळावर सावलीच्या जागी सूर्य पोचत नाही, पण निळं आकाश पोचतं.

गुणाकाराचा आणखी एक उपयोग जुन्या चित्रांना होतो. पांढरा कागद म्हणजे २५५. त्याने गुणून २५५ ने भागलं की खालचा रंग जसाच्या तसा राहतो. त्यामुळे पुस्तकातलं रेखाचित्र मल्टिप्लायवर ठेवलं की कागद आपोआप नाहीसा होतो आणि शाई तेवढी उरते.

चौकट : तुकडे आणायचे कुठून?

इंटरनेटवर दिसला म्हणून फोटो वापरता येत नाही. भारतीय कायद्यानुसार फोटोवर छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, आणि हाताने काढलेल्या चित्रावरही चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक फोटोखाली परवान्याची अट लिहिलेली असते : कुठे फक्त नाव द्यायचं असतं, कुठे आपलं चित्रही त्याच अटीवर खुलं ठेवावं लागतं. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत निसर्गावरची जुनी पुस्तकं चित्रांसह मोफत मिळतात. छपाईसाठी माप आधी तपासावं. ए-३ कागदावर इंचाला ३०० ठिपक्यांनी छापायचं तर ४९६१ गुणिले ३५०८ पिक्सेल लागतात. ८०० पिक्सेल रुंदीचा फोटो तिथे जेमतेम सात सेंटिमीटर भरतो. स्वतः काढलेल्या दुर्मीळ प्राण्याच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असू शकतात. मूळ फाइल कुणाला देण्याआधी ते काढून टाकावेत.

माळ गाळला तर

या जुन्या पुस्तकांत माळढोकासाठी एक विशेष ठेवा आहे. ए. ओ. ह्यूम, ज्यांचं नाव आपण राष्ट्रीय सभेच्या स्थापनेशी जोडतो, ते पक्ष्यांचे मोठे अभ्यासक होते. १८७९ ते १८८१ या काळात त्यांनी सी. एच. टी. मार्शल यांच्यासोबत हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोनमधल्या शिकारीच्या पक्ष्यांवर तीन खंड काढले. त्यात माळढोक आहे, रंगीत चित्रासह. शिकारीचा पक्षी म्हणून छापलेलं ते चित्र आज नामशेष होऊ घातलेल्या पक्ष्याच्या कोलाजमध्ये आणलं की त्याचा अर्थच पालटतो. कोलाजची खरी ताकद ही आहे : तुकडा आपला पूर्वेतिहास सोबत घेऊन येतो.

पण म्हणूनच पक्षी कशावर ठेवायचा हा सजावटीचा प्रश्न राहत नाही. माळढोकामागे हिरवंगार जंगल किंवा धबधबा लावणं ही चूक आहे, आणि साधी चूक नाही. हा पक्षी उघड्या गवताळ माळावर जगतो. पवन्या, मारवेल, कुसळी अशा गवतांच्या माळावर, उघड्या जमिनीवरच मादी बहुधा एकच अंडं घालते. सरकारी दफ्तरात असे माळ ‘पडीक’ ठरले. तिथे शेती आली, रस्ते आले, आणि झाडं लावण्याच्या भल्या हेतूने गिरिपुष्पासारख्या झाडांची लागवडही झाली. दूरवर नजर टाकून धोका ओळखणाऱ्या पक्ष्याला ती झाडं अडथळाच. त्याच्यामागे दाट जंगल चिकटवणारं चित्र नकळत तोच गैरसमज पुढे नेतं.

चुकीच्या जागी लावलेला तुकडा किती नुकसान करतो, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. रानपिंगळा हे छोटं घुबड. त्याचा शेवटचा खात्रीचा नमुना १८८४ मधला, खानदेशातला. पुढे रिचर्ड मायनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने संग्रहालयातला जुना नमुना चोरून, आपण तो १९१४ साली गुजरातमध्ये मिळवला अशी चिठ्ठी त्याला लावली. पक्ष्याला खोटी पार्श्वभूमी चिकटली. अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडकीस आणली, खोटी नोंद बाजूला सारून खऱ्या जागांकडे मोर्चा वळवला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये, तब्बल ११३ वर्षांनी, त्यांच्या पथकाला शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला.

तेव्हा पार्श्वभूमीचे फोटो शोधताना प्राण्याइतकीच मेहनत घ्यावी. गवत कोणतं, ऋतू कोणता, आसपास काय असतं? नान्नजच्या माळावर काळवीट आणि लांडगे आहेत. ते माळढोकासोबत शोभतात. आणि आजचं वास्तव दाखवायचं असेल तर विजेच्या तारा आणाव्याच लागतात. या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. आफ्रिकेतल्या त्याच्या जवळच्या भाऊबंदावर झालेल्या अभ्यासात दिसलं की उडताना त्याने मान थोडी खाली झुकवली तरी समोरचा पट्टा नजरेआड होतो. त्यात शरीर जड. तार दिसली तरी वळायला वेळ मिळत नाही. राजस्थानात, जिथे आता बहुतेक माळढोक उरले आहेत, तारा हे त्यांच्या मृत्यूचं मोठं कारण आहे. कोलाजमध्ये हे यंत्रणेसकट दाखवता येतं : दोन्ही बाजूंना लख्ख माळ, मधला पट्टा मास्कने रिकामा, आणि तारा नेमक्या त्या रिकाम्या पट्ट्यातून नेलेल्या. फोटोला हे जमणार नाही, कारण कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्यांनी पाहत नाही.

जोड लपवावा की दाखवावा?

तंत्र आलं की जोड पूर्ण लपवण्याचा मोह होतो. ‘नॅशनल जिओग्राफिक’ने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठासाठी गिझाच्या पिरॅमिडचा आडवा फोटो उभ्या चौकटीत बसवायला कॉम्प्युटरवर पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले. जोड कुठेच दिसत नव्हता. नंतर त्यावर मोठी टीका झाली, कारण वाचक ते चित्र फोटो म्हणून पाहत होते.

दुर्मीळ प्राण्यांच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी. नान्नजला गेल्या काही वर्षांत माळढोक दिसणं हीच बातमी असते. अशा वेळी माळावर पाच-सहा पक्षी चरताहेत असं बेमालूम चित्र करून मोबाइलवर सोडलं, तर चार दिवसांत ते ‘माळढोक परतले’ म्हणून फिरू लागेल. चित्र स्वप्नाचं असेल तर ते स्वप्न आहे हे दिसायला हवं : एखादी कापलेली कड उघडी ठेवावी, जुन्या छापील चित्रातला पक्षी आजच्या फोटोतल्या माळावर उभा करावा, मापं मुद्दाम विसंगत ठेवावीत. राउशेनबर्ग यांनी हेच केलं होतं. त्यांचा गरुड त्या काळी डीडीटीमुळे संकटात होता. अंड्यांची कवचं पातळ होऊन फुटत. १९७२ मध्ये अमेरिकेने डीडीटीवर बंदी घातली आणि २००७ मध्ये तो गरुड तिथल्या संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आला. ते श्रेय पोस्टरचं नाही, कायद्याचं आणि जीवशास्त्रज्ञांचं आहे. पण प्रश्न गरुडापुरता नसून भोवतालचा आहे, हे त्या उघड्या जोडांनी एका नजरेत सांगितलं होतं.

दीडशे चौकोन

संख्येचं चित्र करण्याची एक पद्धत तर थेट पिक्सेलवरच उभी आहे. २००८ साली जपानमध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने संकटातल्या प्राण्यांचे असे फोटो प्रसिद्ध केले की जितके प्राणी उरले तितकेच पिक्सेल. प्राणी जितका दुर्मीळ, तितका धूसर. कृती सोपी आहे. फोटोची जाळी पाडायची आणि प्रत्येक चौकोनातल्या सगळ्या रंगांची सरासरी काढून तो चौकोन त्या एकाच रंगाने भरायचा.

माळढोकासाठी हे करून पाहावं. भारतात उरलेले माळढोक साधारण दीडशे धरले जातात. म्हणजे दहा आडवे, पंधरा उभे चौकोन. काळी टोपी जेमतेम एका चौकोनात मावते, आणि तोही काळा राहत नाही. शेजारचं आकाश सरासरीत मिसळून राखाडी होतो. मान म्हणजे एकाखाली एक फिके चौकोन, आकाशापासून वेगळे ओळखू न येणारे. छातीचा पट्टा बहुधा हरवतोच. उरतो तो एक तपकिरी डाग. माहीत असणाऱ्याला तो माळढोक वाटेल, इतरांना काहीच वाटणार नाही.

असं चित्र करताना दीडशेही चौकोन वेगवेगळ्या थरांवर ठेवावेत आणि लेअर असलेली मूळ फाइल जपून ठेवावी. गणनेचे आकडे बदलतात आणि चित्रालाही बदलता आलं पाहिजे. जैसलमेर जिल्ह्यात माळढोकांसाठी प्रजनन केंद्रं चालतात. २०२४ मध्ये तिथे कृत्रिम रेतनातून पिल्लूही जन्मलं. ते पक्षी मोकळ्या माळावरच्या गणनेत धरले जात नाहीत, म्हणून त्यांचे चौकोन या दीडशेंत मिसळू नयेत. त्यांच्यासाठी बाजूला वेगळा थर घ्यावा आणि रंगही वेगळा द्यावा. केंद्रातला पक्षी माळावर सोडला गेला, की त्याचा चौकोन त्या थरातून या थरात आणायचा.